केबलच्या नटाचा पाना : ओळख, वापर आणि काळजी



अमेरिकेतल्या बहुतेक घरांत टीव्हीच्या मागे, मोडेमच्या पाठीवर आणि भिंतीवरच्या चौकोनी प्लेटवर एक छोटासा सहा बाजूंचा नट असतो. त्यातून काळी किंवा पांढरी गोल केबल बाहेर येते. आपण घरात राहायला येतो तेव्हा तो नट कुणीतरी आधीच लावलेला असतो, आणि नंतर त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. टीव्हीवर चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागले, किंवा भारतातल्या आई-बाबांशी व्हिडिओवर बोलताना त्यांचा चेहरा मध्येच गोठला, की आपण आधी कंपनीला नावे ठेवतो, मग वाय-फायला, आणि शेवटी मोडेम बंद-चालू करून बघतो. पुष्कळदा दुखणे इतकेच असते की तो नट सैल झालेला असतो.

हा नट आवळण्यासाठी आणि सोडवण्यासाठी एक खास पाना मिळतो. केबल दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या कमरेच्या पिशवीत तो असतोच, पण घरी ठेवायलाही तो सोपा आणि स्वस्त आहे. आम्ही या लेखात त्या पान्याची, तो ज्या नटासाठी आहे त्या नटाची आणि दोन्ही नीट वापरण्याची माहिती एकत्र देत आहोत. लेख थोडा लांब आहे, पण जपून ठेवलात तर वेळेला उपयोगी पडेल.

आधी केबल समजून घेऊ

या केबलला कोअ‍ॅक्सियल किंवा नुसते कोअ‍ॅक्स म्हणतात. तिचे चार थर असतात. अगदी मध्ये तांब्याची, किंवा तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी, एकच जाड तार. तिच्याभोवती पांढरा फेसाळ प्लास्टिकचा थर. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ वर्ख आणि बारीक तारांची जाळी. सगळ्यात वर प्लास्टिकची साल. मधली तार आणि बाहेरची जाळी या दोघींचा अक्ष एकच, म्हणून हे नाव.

सिग्नल या दोहोंच्या मधल्या जागेतून जातो. बाहेरची जाळी दोन कामे करते. ती सिग्नलचा परतीचा रस्ता असते, आणि आतले आत व बाहेरचे बाहेर ठेवणारी भिंतही असते. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा विषय तिच्याभोवती आहे.

अशा केबलचे पेटंट इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये घेतले होते. आज आपण वापरतो त्या प्रकारची, एकाच वेळी असंख्य चॅनेल वाहून नेणारी केबल अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अ‍ॅफेल या दोघांच्या कामातून आली. त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो १९२९ मध्ये.

घरात दिसणाऱ्या केबलवर बहुधा आरजी-६ असे छापलेले असते. तिची जाडी सुमारे ७ मि.मी. आणि मधली तार सुमारे १ मि.मी. असते. जुन्या घरांत हिच्यापेक्षा बारीक आरजी-५९ सापडते. रस्त्यावरून घरापर्यंतचे अंतर जास्त असेल तर जाड आरजी-११ वापरतात. तिन्ही ७५ ओहमच्या असतात.

नट म्हणजे एफ-कनेक्टर

अमेरिकेत केबल टीव्हीची सुरुवात १९४८ मध्ये झाली. पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगनमधल्या ज्या गावांना डोंगराच्या आडोशामुळे चित्र दिसत नव्हते, त्यांनी उंच जागी एक मोठा अँटेना लावला आणि तिथून घरोघर केबल ओढली. हळूहळू अशी गावे वाढली आणि स्वस्त, पटकन लावता येईल अशा जोडणीची गरज भासू लागली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जेरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीतल्या एरिक विन्स्टन यांनी एफ-कनेक्टर तयार केला. या कंपनीचे संस्थापक मिल्टन शॅप पुढे पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर झाले.

एफ-कनेक्टरची गंमत अशी की त्यात वेगळी पिन नसते. केबलची मधली तारच पुढे काढून पिन म्हणून वापरतात. त्यामुळे तो स्वस्त पडला, आणि आज सत्तर वर्षांनंतरही जगभर चालतो आहे.

त्याची मापे ठरलेली आहेत. आट्यांचा व्यास ३/८ इंच आणि एका इंचात ३२ आटे. म्हणजे नट एक पूर्ण फेरा फिरला की साधारण ०.८ मि.मी. पुढे सरकतो. नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर ७/१६ इंच, म्हणजे ११ मि.मी.पेक्षा किंचित जास्त. पान्याचे माप यावरूनच ठरते.

भारतात टीव्हीच्या मागे आपण जी केबल खोचायचो, ती आटे नसलेली, नुसती ढकलून बसवायची जोडणी होती. ती १९२२ च्या सुमारास इंग्लंडच्या बेलिंग अँड ली कंपनीत तयार झाली आणि ब्रिटिशांच्या प्रभावाखालच्या बऱ्याच देशांत पसरली. तिला पाना लागत नाही. म्हणूनच आपल्यापैकी अनेकांना केबल घट्ट करण्यासाठी हत्यार लागते ही कल्पनाच नवीन वाटते.

नट सैल राहिला तर काय होते?

नट फक्त केबल गळून पडू नये म्हणून असतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात नट आवळल्यावर कनेक्टरच्या आतल्या नळीचे सपाट तोंड समोरच्या पोर्टच्या सपाट तोंडावर दाबून बसते. बाहेरच्या जाळीचा विद्युत मार्ग त्या दोन तोंडांच्या स्पर्शातून पूर्ण होतो. नट अर्धा फेरा सैल असला तर दोन्ही तोंडांत ०.४ मि.मी. फट राहते. मधली तार आत गेलेली असते, म्हणून चित्र दिसते, इंटरनेट चालते. पण बाहेरची भिंत तिथे तुटलेली असते. केबलला धक्का लागला, शेजारून कुणी चालत गेले, ऊन-थंडीने धातू थोडा हलला, की स्पर्श होतो आणि जातो.

त्यातून तीन गोष्टी घडतात.

पहिली, बाहेरचा गोंगाट आत शिरतो. मोबाईल टॉवरचे ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे सिग्नल केबलवरच्या चॅनेलांच्याच पट्ट्यात येतात. पूर्वीच्या अ‍ॅनालॉग टीव्हीवर अशा वेळी चित्रात मुंग्या किंवा सावल्या दिसत आणि बिघाड हळूहळू वाढताना कळे. डिजिटल चित्र मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम फुटते. त्यामुळे दोष जुना असला तरी तो कालच सुरू झाला असे वाटते.

दुसरी, आपला गोंगाट शेजाऱ्यांना त्रास देतो. केबल इंटरनेटमध्ये आपला मोडेम ज्या लहरींवर कंपनीकडे माहिती पाठवतो, त्यांचा अमेरिकेतला मूळ पट्टा ५ ते ४२ मेगाहर्ट्झचा. आता अनेक ठिकाणी तो वाढवून ८५ पर्यंत नेला आहे. घरातल्या मोटारी, स्वस्त चार्जर, २७ मेगाहर्ट्झवरचे ट्रकवाल्यांचे रेडिओ यांचा गोंगाट याच पट्ट्यात असतो. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या केबली पुढे एकाच तारेला मिळतात, त्यामुळे प्रत्येक घरातून शिरलेला गोंगाट तिथे एकत्र होतो. एका घरातला सैल नट अख्ख्या गल्लीचे इंटरनेट मंद करू शकतो.

तिसरी, आतला सिग्नल बाहेर गळतो. विमाने आणि विमानतळाचे नियंत्रण कक्ष १०८ ते १३७ मेगाहर्ट्झवर काम करतात, आणि केबलमध्येही त्याच लहरींवर चॅनेल असतात. म्हणून केबलमधून किती गळती चालेल यावर अमेरिकेच्या एफसीसीने मर्यादा घातलेली आहे आणि कंपन्यांना तपासण्या कराव्या लागतात. घरातून मोठी गळती सापडली तर ती दुरुस्त होईपर्यंत कंपनी त्या घराची जोडणी बंद करू शकते.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा. अनेक घरांत फोनसुद्धा मोडेममधूनच चालतो. मोडेमची जोडणी तुटली की फोनही जातो, म्हणजे त्या फोनवरून ९११ लावता येत नाही. घरी वयस्कर आई-वडील दिवसभर एकटे असतील आणि त्यांच्याजवळ मोबाईल नसेल, तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

बोटे, पक्कड आणि पाना

बोटांनी लावलेला नट घट्ट वाटतो, पण बोटांचा जोर पुरत नाही. शिवाय टीव्हीच्या मागच्या खोबणीत किंवा अनेक पोर्ट जवळजवळ असलेल्या स्प्लिटरवर नटाभोवती बोटे फिरतच नाहीत. मग आपण नट न फिरवता केबलच पिळतो. त्यामुळे केबल कनेक्टरमधून सैल होते आणि नट होता तिथेच राहतो.

पक्कडीचे उलटे. तिच्या दातांनी नटाचे कोपरे गोल होतात. तिच्या लांब दांड्यांमुळे हाताला न कळता फार जोर लागतो. टीव्ही आणि मोडेमचे पोर्ट आतल्या सर्किट बोर्डावर डाग देऊन बसवलेले असतात. नट जास्त पिळला की पोर्टच फिरतो आणि आतला डाग तुटतो. एका नटासाठी अख्खा मोडेम बदलावा लागतो.

पान्याचे महत्त्व इथे आहे. तो नटाच्या सपाट बाजू धरतो, अडचणीच्या जागी पोहोचतो आणि जोर मापात ठेवतो. जोर जास्त लावता यावा हा त्याचा हेतू नाही.

पान्याचे प्रकार

१) साधा चपटा पाना. एका तोंडाचा, ७/१६ इंचाचा. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. केबलसाठी खास बनवलेले पाने आखूड आणि पातळ असतात. आखूड दांडीमुळे जास्त जोर लागत नाही, आणि पातळ असल्याने ते दोन पोर्टच्या मधून जातात. घरी फक्त ११ मि.मी.चा पाना असेल तर तो बऱ्याच कनेक्टरवर बसतो, पण कधी कधी अडतो. अडला तर ठोकून बसवू नका.

२) चिरेचा लांब पाना. हा दिसायला स्क्रू ड्रायव्हरसारखा. टोकाला सहा बाजूंची खोबण आणि नळीला उभी चीर. केबल चिरेतून आत घालायची, नळी पुढे सरकवून नटावर बसवायची आणि मूठ फिरवायची. भिंतीला टेकलेला टीव्ही, कपाटामागची भिंतीवरची प्लेट, दाटीवाटीचा स्प्लिटर अशा ठिकाणी याला पर्याय नाही. घरासाठी एकच घ्यायचा असेल तर आम्ही हा सुचवू.

३) टॉर्क पाना. यात ठरावीक जोर आला की टक असा आवाज होतो किंवा पान्याचे तोंड घसरते. २०, ३० अशा इंच-पौंडांच्या मापांत तो मिळतो. कंपनीचे लोक हा वापरतात. घरी हौस म्हणून ठेवायला हरकत नाही, पण मोडेमवर ३० चा पाना चालवू नये.

४) बोटांवर चढवायची प्लास्टिकची टोपी. हिला आतून सहा बाजू असतात. बोटांना पकड चांगली मिळते आणि जास्त जोर लागण्याची भीती नसते. मनगट किंवा बोटे दुखणाऱ्यांना उपयोगी.

५) कुलुपाच्या कनेक्टरचा पाना. रस्त्यावरच्या पेटीत न वापरलेल्या पोर्टवर कंपनी कुलूपबंद टोपण लावते, ते काढायला खास पाना लागतो. तो घेण्याच्या फंदात पडू नका. ती पेटी कंपनीची असते.

व्हिडिओ कॅमेऱ्याच्या केबलला जो पाव फेरा फिरवून बसणारा कनेक्टर असतो तो बीएनसी. सभागृहातल्या कार्यक्रमांत तो दिसतो. त्याला आटे नसतात, म्हणून हे पाने त्याला लागत नाहीत. राऊटरच्या अँटेनाचे छोटे सोनेरी नट वेगळ्या जातीचे असतात, त्यांना बोटांचा जोर पुरे.

किती घट्ट?

घराबाहेरच्या जोडण्या, स्प्लिटर आणि जमिनीला जोडलेला धातूचा ठोकळा यांच्यासाठी सर्वसाधारण माप ३० इंच-पौंड, म्हणजे सुमारे ३.४ न्यूटन-मीटर. हे समजायला सोपे उदाहरण असे. नटापासून ६ इंच लांब दांडीच्या टोकाला ५ पौंड वजन टांगले तर नटावर ३० इंच-पौंड जोर येतो. पाच पौंड म्हणजे साखरेची लहान पिशवी. एवढाच जोर! दांडी ३ इंचांची असेल तर दुप्पट, म्हणजे १० पौंड लागतील. पक्कडीची दांडी लांब असल्याने किती थोड्या ताकदीत आपण मर्यादा ओलांडतो, ते यावरून लक्षात येईल.

टीव्ही, मोडेम, सेट-टॉप बॉक्स यांच्यासाठी जोर बराच कमी हवा. त्यासाठी नियम सोपा ठेवा. बोटांनी नट थांबेपर्यंत फिरवा, मग पान्याने एक-अष्टमांश ते एक-षष्ठांश फेरा द्या. सहा बाजूंच्या नटाची एक बाजू दुसरीच्या जागी आली की एक-षष्ठांश फेरा झाला. तिथे थांबायचे.

आवळण्याची पद्धत

१. मोडेम आणि टीव्ही बंद करा. छतावर डिश अँटेना असेल तर रिसिव्हरची वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा. रिसिव्हर केबलमधून डिशकडे १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. तेव्हा मधली तार बाहेरच्या धातूला टेकली तर रिसिव्हर बिघडू शकतो.

२. नट पूर्ण काढून मधली तार बघा. ती सरळ हवी आणि नटाच्या कडेपेक्षा थोडीच बाहेर आलेली हवी. वाकलेली असेल तर बोटांनी हळूच सरळ करा. हिरवी किंवा काळी पडली असेल तर पाणी आत गेले आहे, केबलचे ते टोक बदलावे लागेल.

३. जाळीची एखादी बारीक तार मधल्या तारेला टेकत नाही ना, ते नीट बघा. एक तार टेकली तरी सिग्नल जातो.

४. तार पोर्टच्या भोकात सरळ घाला. नट आधी अर्धा फेरा उलटा फिरवा. आटे जुळल्याचे बोटांना कळते. मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. दोन फेऱ्यांतच अडला तर आटे तिरके चढले आहेत. जोर न लावता सोडवून पुन्हा सुरुवात करा.

५. फिरवताना केबल दुसऱ्या हातात स्थिर धरा. नट फिरला पाहिजे, केबल नाही.

६. बोटांनी थांबल्यावर वर सांगितल्याप्रमाणे पान्याने शेवटचा फेरा द्या. मग केबल हलकेच हलवून बघा. नट डुगडुगता कामा नये.

सोडवण्याची पद्धत

सोडवताना घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवायचे. भिंतीवरच्या प्लेटवर आणि दोन केबली जोडणाऱ्या नळीवर मात्र दोन पाने लागतात. मागच्या बाजूचा भाग एका पान्याने धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट सोडवायचा. तसे न केल्यास पुढचा नट सुटेलच असे नाही, पण भिंतीच्या आतला नट सैल होईल, आणि तो सैल झाल्याचे कुणालाच दिसणार नाही.

गंजून अडकलेला नट असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब आट्यांवर सोडा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. मग आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, नंतर सोडवण्याच्या दिशेने असे हळूहळू हलवा. टीव्ही आणि मोडेमवर तेल वापरू नका. सोडवलेला गंजका कनेक्टर पुन्हा न लावता नवीन लावून घ्यावा.

नट घट्ट करून फायदा झाला का, ते कसे ओळखायचे?

इथे आमच्या संगणकी पेशाचा थोडा उपयोग होतो. अनेक केबल मोडेम स्वतःची तब्येत सांगतात. संगणकाच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता इंग्रजी अंकांत टाका. पान उघडले तर त्यात प्रत्येक चॅनेलची शक्ती, गोंगाटाशी असलेले प्रमाण आणि चुकांचे आकडे दिसतात. कंपनीने दिलेल्या काही मोडेमवर हा पत्ता वेगळा असतो.

तीन गोष्टी बघा. येणाऱ्या सिग्नलची शक्ती उणे १५ ते अधिक १५ या मर्यादेत हवी, आणि शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. गोंगाटाशी प्रमाण साधारण ३३ डेसिबलच्या वर हवे. आणि दुरुस्त न झालेल्या चुकांचा आकडा स्थिर हवा. नट आवळण्याआधी हे आकडे कागदावर लिहा. आवळल्यावर मोडेम पुन्हा सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. चुका थांबल्या तर काम झाले. वाढतच राहिल्या तर दोष दुसरीकडे आहे, आणि कंपनीला फोन करताना हे आकडे तुमच्याजवळ असतील. "इंटरनेट नीट चालत नाही" यापेक्षा आकड्यांची तक्रार लवकर ऐकली जाते.

घरातली तपासणी

केबल घरात शिरते तिथपासून सुरुवात करा आणि एकेक जोडणी तपासत आत या. स्प्लिटरचे न वापरलेले पोर्ट उघडे ठेवू नका. ७५ ओहमची टोपणे मिळतात, ती लावा. आटे नसलेले, नुसते ढकलून बसणारे एफ-कनेक्टर आणि केबलवर हाताने पिळून बसवायचे कनेक्टर सापडले तर ते बदला. त्यांना कितीही जपले तरी ते सैल होतात. दाबून बसवलेले कॉम्प्रेशन प्रकारचे कनेक्टर सर्वांत टिकाऊ.

जुन्या केबलवरून घरातले नेटवर्क चालवणारी मोका यंत्रे वापरत असाल तर ही तपासणी आणखी महत्त्वाची. ती १००० मेगाहर्ट्झच्याही वर काम करतात, आणि आपला सिग्नल घराबाहेर जाऊ नये म्हणून केबल शिरते तिथे एक फिल्टर लावावा लागतो. तो फिल्टरही याच पान्याने आवळायचा असतो. तसेच १२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचे प्रक्षेपण पूर्ण डिजिटल झाल्यापासून छतावरच्या अँटेनाने स्थानिक चॅनेल फुकट आणि स्वच्छ दिसतात. त्या अँटेनालाही हाच नट असतो.

सावधगिरी

घराबाहेर केबल जिथे भिंतीत शिरते तिथे धातूच्या ठोकळ्यातून एक जाड तार जमिनीतल्या सळईकडे किंवा घराच्या मुख्य अर्थिंगकडे गेलेली असते. ही तार कधीही काढू नका. वीज पडली किंवा विजेची तार केबलवर पडली तर तीच घराला वाचवते. नट सोडवताना ठिणगी दिसली किंवा हाताला झिणझिण्या आल्या तर काम तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याचा अर्थ घराच्या वायरिंगमध्ये दोष आहे आणि वीज केबलवरून परत जाते आहे. पावसात, गडगडाट होत असताना किंवा शिडीवर एकट्याने हे काम करू नका. भाड्याच्या घरात राहत असाल तर आपल्या खोल्यांतले नट तेवढे आपले. बाहेरच्या पेट्यांना हात लावू नका.

भारतात जाताना

मुंबईत २०१२ च्या शेवटी अ‍ॅनालॉग केबल बंद होऊन सेट-टॉप बॉक्स आले, आणि गावोगावी घरांवर छोट्या डिश तर त्याआधीपासूनच दिसू लागल्या होत्या. या डिशच्या केबलला इथल्यासारखाच एफ-कनेक्टर असतो. पावसाळ्यात गच्चीवरचा नट गंजतो किंवा सैल होतो, आणि आजी-आजोबांची संध्याकाळची मालिका नेमकी पावसात जाते. सुट्टीत घरी गेलात तर गच्चीवर कठडा असेल आणि डिशपर्यंत सुरक्षित पोहोचता येत असेल, तरच तो नट तपासा. रिसिव्हर आधी बंद करायला विसरू नका. केबलला डिशजवळ खाली झुकणारा एक वळसा द्या, म्हणजे पावसाचे पाणी नटाकडे न जाता वळशावरून गळून पडेल. नटावर रबरी टोपी असेल तर ती नीट बसवा.

पाना विमानात नेताना चेक-इन बॅगेतच ठेवा. अमेरिकेत ७ इंचांपर्यंतची हत्यारे हातातल्या बॅगेत चालू शकतात, पण परतीच्या प्रवासात भारतातल्या विमानतळावर तो काढून घेतला जाण्याची शक्यता असते.

थोडक्यात

घरात एक ७/१६ इंचाचा चिरेचा पाना ठेवा. वर्षातून एकदा, घड्याळे पुढे-मागे करतो त्या आठवड्यात म्हणा हवे तर, सगळे नट तपासा. बोटांनी थांबेपर्यंत, मग पान्याने एक-षष्ठांश फेरा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पक्कड दुसऱ्या कामांसाठी राहू द्या. एवढे करूनही त्रास राहिला तर मोडेमचे आकडे हाताशी घेऊन कंपनीला बोलवा.